अर्धा मार्क

अर्धा मार्क कापला तेव्हा आई समोरच्या पलंगावर बसून तांदूळ निवडत होती. तांदूळ नव्हते. ताटही नव्हतं. मांडीवर चादरीचा घोळ तेवढा होता, आणि उजव्या हाताची बोटं त्या घोळातून काहीतरी उचलून बाजूला टाकत होती. मधूनच एखादा न दिसणारा दाणा ती उजेडाकडे धरायची, डोळे बारीक करून बघायची आणि पुन्हा घोळात सोडून द्यायची. मी पलीकडे टेबलाशी बी.फार्म.च्या सेशनल परीक्षेचे पेपर तपासत होते. अ‍ॅट्रोपिनचे शरीरावर होणारे परिणाम लिहा, असा प्रश्न. पाच मार्कांचा, दरवर्षी येणारा. एका मुलाने सगळं नीट लिहिलं होतं: डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, नाडी वाढते, लघवी अडते, माणूस भ्रमिष्ट होतो. तोंडाला कोरड पडते एवढं मात्र राहून गेलं होतं. मी समासात लाल पेनने प्रश्नचिन्ह काढलं आणि अर्धा मार्क कापला.

तेवढ्यात आई म्हणाली, "तोंडात पीठ कोंबल्यावानी झालं व."

मी उठले, तिला पाणी दिलं. त्या दिवशीचा तो सातवा-आठवा पेला असेल. तिने दोन घोट घेतले, पेला माझ्या हातात दिला आणि पुन्हा निवडायला लागली. मी पुढचा पेपर उघडला.

या गोष्टीला आता दीड वर्ष होईल. आई बरी आहे, म्हणजे तिच्या आजारात जितकी बरी असायची तितकी आहे. घरात कुणी मला या गोष्टीवरून बोललेलं नाही, कारण कुणाला ती पुरती माहीतच नाही. पण रात्री कधी जाग आली की मला तो पेपर दिसतो, समासातलं ते लाल प्रश्नचिन्ह दिसतं. मी 20 वर्षांहून जास्त काळ औषधशास्त्र शिकवते. त्यातही माझा आवडता भाग चेतासंस्थेचा. औषधं मेंदूच्या आणि नसांच्या निरोपांत कुठे हात घालतात, कोणता निरोप दाबतात, कोणता मोठा करतात, हे फळ्यावर काढून दाखवताना मला अजूनही मजा येते. आणि त्या दुपारी माझ्यापासून पाच फुटांवर तो अख्खा धडा पलंगावर बसला होता.

हा धडा आम्ही शिकवतो इंग्रजीतून. त्यासाठी जगभर एक यमकासारखी यादी पाठ करून घेतात. तिचं भाषांतर केलं तर असं होईल: वटवाघळासारखा आंधळा, हाडासारखा कोरडा, बीटासारखा लाल, सशासारखा तापलेला आणि टोपीवाल्यासारखा वेडा. टोपीवाला वेडा का, असं एखादी मुलगी हमखास विचारते. पूर्वी टोप्यांसाठी फेल्ट तयार करताना पारा वापरायचे आणि तो कारागिरांच्या मेंदूत जायचा, हे मी सांगते. पण आमच्या मुलांना टोपीवाला म्हटलं की झाडावरची माकडं आठवतात, त्यामुळे वर्गात हशा होतो आणि यादी आपोआप लक्षात राहते. माझ्याही राहिली. पण ती माझ्या डोक्यात इंग्रजीतच राहिली. आईचं तोंड कोरडं पडलं ते वऱ्हाडीत. "पीठ कोंबल्यावानी" हे शब्द कानावर पडले की मला आठवतं ते आमचं दारव्ह्याकडचं घर, जात्याजवळचा सुपातला कोंडा, दुपारची झळ. औषधाचं नाव आठवत नाही. "डोयापुढं धुकं आलं" असंही ती दोन दिवस म्हणत होती. मी मोतीबिंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊन मोकळी झाले होते.

मी ज्या वर्षी प्रयोगशाळेत पहिल्यांदा बेडूक हातात धरला, त्या वर्षी दिवाळीला घरी गेले तर आईने विचारलं होतं, "बेडूक मारून काय शिकून रायल्या तुमी?" मला सांगता आलं नाही. सांगायचं तर खूप होतं. बेडकाच्या मानेमागे जिथे कवटी संपते तिथे बोटाला एक खळगा लागतो, तिथून सुई आत घालायची. ते करताना माझे डोळे आपोआप मिटायचे आणि सर ओरडायचे, डोळे मिटून केलंत तर त्याला जास्त त्रास होईल. मग पोटाचा तो चपटा, पांढरट स्नायू अलगद कापून काढायचा, दोऱ्याने बांधायचा आणि काचेच्या एका नळकांड्यात, खारट पाण्यात टांगायचा. खालून हवेचे बुडबुडे. वरचा दोरा एका हलक्या तरफेला, आणि तरफेचं टोक काजळी धरलेल्या ड्रमला टेकलेलं.

ती काजळी धरणं हा स्वतंत्र सोहळा असायचा. गुळगुळीत कागद ड्रमवर ताणून चिकटवायचा आणि धूर ओकणाऱ्या ज्योतीवर ड्रम फिरवत राहायचा, सगळा कागद सारखा काळा होईपर्यंत. खोलीभर रॉकेलचा वास, नाकपुड्या काळ्या, पांढऱ्या एप्रनवर बोटांचे ठसे. मग अ‍ॅसिटिलकोलिनचा, म्हणजे नसेचा निरोप स्नायूला पोचवणाऱ्या रसायनाचा, एक थेंब पाण्यात सोडायचा, घड्याळात 90 सेकंद मोजायचे. स्नायू आखडायचा, तरफ वर चढायची आणि काळ्यावर एक पांढरी रेघ उमटायची. पाणी बदलायचं, थांबायचं, पुन्हा दुप्पट मात्रा. रेघ आधीपेक्षा उंच. पुन्हा दुप्पट. प्रयोग संपला की कागद राळेच्या द्रावणात बुडवून दोरीवर वाळत घालायचा, म्हणजे काजळी पुसली जात नाही. सुट्टीत मी असा एक कागद घरी नेला होता, आईला दाखवायला. तिने तो उलटासुलटा करून बघितला. आमच्याकडे काजळ घरीच व्हायचं, एरंडेलाच्या दिव्यावर पितळी वाटी पालथी घालून. तिने बोट फिरवून पाहिलं, बोटाला काही लागलं नाही, तर म्हणाली, "एवढ्या काजळात गावच्या लेकरायचे डोये भरले असते."

त्या पांढऱ्या रेघा म्हणजे तरुणपणी मी पाहिलेली सगळ्यात सुंदर गोष्ट होती, असं आज लिहिताना थोडी लाज वाटते, पण ते खरं आहे. एक जीव मेला होता आणि त्याचा एक तुकडा माझ्याशी बोलत होता. तोही किती नेमकं! इतकं दिलं तर इतकं, दुप्पट दिलं तर एवढं, आणि एका मर्यादेनंतर कितीही द्या, रेघ वर जात नाही. एकदा सरांनी आम्हाला मुद्दाम पाण्यात अ‍ॅट्रोपिन घालायला लावलं. आम्ही वाट बघत बसलो की आता रेघ बुटकी होणार. झाली नाही. सर खूश झाले. एकाच निरोप्यासाठी शरीरात दोन जातींची दारं असतात, हे त्यांना आमच्या हातून सिद्ध करून घ्यायचं होतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी 1914 मध्ये ती वेगळी ओळखली. एक दार तंबाखूतल्या निकोटिनला उघडतं, दुसरं अळंबीतल्या मस्कारिनला. अ‍ॅट्रोपिनची कडी फक्त दुसऱ्या दाराला बसते, आणि बेडकाच्या त्या स्नायूवर सगळी दारं पहिल्या जातीची. मग सरांनी फायसोस्टिग्मिन घालायला सांगितलं आणि त्याच जुन्या थेंबाला रेघ अशी काही वर गेली की तरफ ड्रमच्या बाहेर निघाली.

निरोप पोचला की निरोप्याला उंबऱ्यावरच मोडून टाकणारं एक एन्झाइम तिथे बसलेलं असतं. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो निरोपे मोडतो. म्हणून तर आपण बोट वाकवतो आणि सरळ करू शकतो. फायसोस्टिग्मिन त्या एन्झाइमचे हात बांधतं. मग एकच निरोप पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा ऐकू येत राहतो.

अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन निरोप्या आहे हेसुद्धा बेडकांनीच सांगितलं. नसांचा निरोप विजेने जातो की रसायनाने, यावर शास्त्रज्ञांचं भांडण चालू असताना ऑस्ट्रियात ग्राट्सला ऑटो लोव्ही यांना एका रात्री स्वप्नात प्रयोग दिसला. त्यांनी उठून चिठ्ठीवर खरडलं, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तीन वाजता तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा मात्र ते चिठ्ठीच्या नादी न लागता थेट प्रयोगशाळेत गेले. दोन बेडकांची दोन धडधडणारी हृदयं. पहिल्याची नस विजेने डिवचली, ते मंद झालं. त्याच्या भोवतालचं पाणी दुसऱ्या हृदयावर घातलं, आणि तेही मंद झालं, त्याला कुणी हात लावलेला नसताना. हे 1921 मध्ये छापून आलं. 1936 मध्ये लोव्ही आणि डेल यांना नोबेल मिळालं. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलांना स्वप्न फार आवडतं. पुढचं मी सांगते तेव्हा वही बंद करण्याचे आवाज येतात: 1938 मध्ये नाझी ऑस्ट्रियात घुसले, ज्यू म्हणून लोव्हींना तुरुंगात टाकलं, आणि नोबेलची रक्कम नाझींच्या बँकेत वळती करायला लावल्यावरच देश सोडू दिला.

मला मात्र ते दुसरं हृदय आवडतं. जे पाणी बदललं म्हणून मंद झालं.

बेडकाच्या स्नायूवर तरफ ड्रमच्या बाहेर गेली, त्यानंतर दोन-तीन वर्षांत मी तीच रेघ माणसात पाहिली. सप्टेंबर होता, कपाशीला बोंडं धरली होती. काकांचा सालदार फवारणी करून संध्याकाळी वावरातून आला तो बांधावरच बसला. पंपाचं नोझल तुंबलं म्हणून त्याने तोंडाने फुंकलं होतं. पाठीवरचा पंप गळत होता, सदरा कमरेपर्यंत ओला. काकांनी जीपमध्ये घातलं. मी सुट्टीत घरी आले होते, शिकलेली म्हणून मलाही सोबत नेलं. वाटेत त्याच्या तोंडातून लाळ थांबेना, डोळ्यांतून पाणी, अंगावर घामाच्या धारा, आणि दंडाच्या कातडीखाली स्नायू असे थरथरत होते जसे आत किडे वळवळतायत. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी तोंडाने काही बोलले नाही, पण डोक्यात धडा म्हणत होते. कीटकनाशकानं अळीच्या शरीरातल्या ज्या एन्झाइमचे हात बांधायचे, त्याच एन्झाइमचे हात त्याने माणसाच्या शरीरातही बांधले होते. रेघ ड्रमच्या बाहेर चालली होती.

दवाखान्यात रात्रभर एकच आवाज होता: काचेच्या छोट्या अँप्यूलची मान मोडल्याचा. टक्. टक्. 0.6 मिलिग्रॅमचं एक अँप्यूल, अशी ती एकामागून एक शिरेतून जात होती. स्टॉक संपला की काका बाहेरच्या दुकानातून खोकाभर आणायचे. औषध अ‍ॅट्रोपिन. छाती कोरडी होईपर्यंत, नाडी वर येईपर्यंत देत राहायचं असतं, त्याला ठरलेला आकडा नसतो. पहाटे डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि समाधानाने मान हलवली. तोवर सालदाराचे डोळे काळेभोर, टपोरे झाले होते, गाल तापून लाल, ओठांना सालं. आणि तो उठून बसला आणि कापूस वेचायला लागला. पांढऱ्या चादरीवरून. दोन्ही हातांनी, चिमटीत धरून, कमरेच्या ओटीत टाकत, अगदी वावरातल्या लयीत. त्याची बायको घाबरून रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, हे औषध भरपूर पोचल्याची खूण आहे, उतरेल. काका तिला समजावत होते, "धोतरा चढल्यावानी झालं त्याले, अजून काई नाई." काकांनी औषधशास्त्राचं एकही पुस्तक वाचलं नव्हतं, पण ते शब्दशः बरोबर होते. अ‍ॅट्रोपिनचं कुळ धोतऱ्याचंच. महाशिवरात्रीला आम्ही पोरी ते काटेरी फळ पिंडीवर वाहायचो आणि आई लगेच हात धुवायला लावायची.

सालदार वाचला. पुढच्या वर्षी फवारणीही त्यानेच केली. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीने वीसच्या वर माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली, तेव्हा टीव्हीवर पत्रकार विचारत होते की शेतकरी मास्क का लावत नाहीत. भर सप्टेंबरात, पाठीवर गळका पंप घेऊन, डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीतून चालताना मास्क लावून बघा, एवढंच मी टीव्हीला म्हणाले. आई शेजारी बसली होती. तिला तेव्हा सगळं आठवत होतं. तिने सालदाराचं नाव घेतलं आणि म्हणाली, "तो चादरीवरून कापूस वेचे."

म्हणजे ही गोष्ट तिला माहीत होती. मलाही.

बाबा गेल्यावर आईला पुण्याला आणलं. वर्षभरात ती भाजीत दोनदा मीठ घालायला लागली, मग तीनदा. मग एक दिवस संध्याकाळी माझ्या हातून चहा घेताना तिने पदर सावरला आणि अदबीनं विचारलं, "बाई, तुमी कोन्या गावच्या?" तपासण्या झाल्या आणि डोनेपेझिल सुरू झालं, आधी 5 मिलिग्रॅम, मग 10. त्या गोळीचं पाकीट पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला हसू आणि रडू एकदमच आलं. कारण डोनेपेझिल करतं काय, तर त्याच एन्झाइमचे हात बांधतं. फायसोस्टिग्मिनचं, फवारणीच्या विषाचं तेच काम, पण अलगद, सुटतील अशा गाठींनी, आणि मुख्यतः मेंदूत. स्मृतिभ्रंशाच्या या आजारात मेंदूत अ‍ॅसिटिलकोलिन कमी पडतं, हे 1976 च्या सुमारास ब्रिटनमधल्या संशोधकांच्या लक्षात आलं. मग निरोपे वाढवता येत नसतील तर जे आहेत त्यांना उंबऱ्यावर थोडं जास्त थांबू द्यावं, असा साधा विचार. आजार थांबत नाही. उतार थोडा कमी तीव्र होतो, तोही सगळ्यांचा नाही. हे सगळं मला माहीत होतं, तरी रोज रात्री ती गोळी देताना मी देवाला फूल वाहावं तशी देत होते.

हे औषध शोधणारे जपानचे हाचिरो सुगिमोतो. त्यांच्या आईलाही स्मृतिभ्रंश झाला होता. ते भेटायला गेले की ती विचारायची, आपण कोण. मी हाचिरो, असं त्यांनी सांगितलं, तर ती म्हणाली, हो का, माझाही एक मुलगा आहे हाचिरो नावाचा. त्यांचं औषध 1996 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण त्यांच्या आईला त्याचा उपयोग व्हायची वेळ कधीच निघून गेली होती. मी हा किस्सा पूर्वी वर्गात सांगायचे. आईला गोळी सुरू झाल्यापासून सांगत नाही.

गोळीचं काम मेंदूत असलं तरी शरीर काही भिंती घातलेलं नसतं. डोनेपेझिलने आईच्या मूत्राशयालाही निरोप जास्त पोचायला लागले. तिला वारंवार, घाईची लघवी लागायची. बाथरूमपर्यंत पोचण्याआधीच पातळ ओलं व्हायचं आणि मग ती लहान मुलीसारखी कोपऱ्यात तोंड लपवून उभी राहायची. मी एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि गोळी लिहून दिली, ऑक्सिब्युटिनिन. मेंदूच्या डॉक्टरांची फाइल निळी, ती घरी राहिली होती. चालू औषधं कोणती, असं त्यांनी विचारलं होतं आणि मी म्हणाले होते, बीपीची. डोनेपेझिलचं नाव घ्यायला माझी जीभ अडली. समोर आई बसली होती, आणि तिच्यादेखत तो आजार उच्चारायचा मी टाळायचे. म्हणजे चूक डॉक्टरांची म्हणावी तर मी अर्धी माहिती दिलेली. दुकानातून गोळी मीच आणली. नाव वाचलं. ते औषध कोणत्या गटातलं आहे हे झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन: धोतऱ्याच्या गटातलं. मूत्राशयाच्या दुसऱ्या जातीच्या दाराला कडी घालतं. आणि तोंडाच्या. आणि डोळ्यांच्या. आणि मेंदूच्याही, जिथे रात्रीची गोळी निरोप्यांना दारात थांबवायला धडपडत होती.

रात्री एका हाताने दार उघडत होते आणि सकाळी दुसऱ्या हाताने लावत होते. आठ दिवस.

असं करणारी मी एकटी नाही, हे नंतर वाचून कळलं. कॅनडातल्या ओंटारियोमध्ये स्मृतिभ्रंशाच्या चाळीस हजारांहून जास्त वृद्धांच्या नोंदी तपासून 2005 मध्ये एक अभ्यास छापून आला होता. ज्यांना डोनेपेझिलसारखी औषधं चालू होती, त्यांच्या हातात लघवीसाठी ही उलटी गोळी पडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. एका औषधाचा परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध. वाचून क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच राग आला.

मला ते कळलं कसं, तर मावशींमुळे. आईला सांभाळायला ब्युरोतून आलेल्या या मावशी लातूरकडच्या, आठ वर्षं असलीच कामं करणाऱ्या. अर्ध्या मार्काच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईची वेणी घालता घालता त्या कौतुकाने म्हणाल्या, "ताई, बघा की, आजींचे डोळे कसे मोठ्ठे दिसायलेत. काजळ घातल्यावानी." मी मान वर करून पाहिलं. खिडकीतलं ऊन थेट आईच्या तोंडावर होतं, आणि तरीही तिच्या बाहुल्या मिटल्या नव्हत्या. काळ्याभोर, टपोऱ्या, चकाकत्या. गाल गुलाबी. लग्नातल्या फोटोत दिसते तशी ती दिसत होती. युरोपात कधीकाळी बायका सुंदर दिसण्यासाठी याच कुळातल्या बेलाडोनाच्या रसाचे थेंब डोळ्यांत घालायच्या, हेही मी वर्गात सांगते. आईचे हात मांडीवर चाललेच होते, एक दाणा इकडे, एक तिकडे. मी त्या हातांकडे बघितलं आणि मला पांढरी चादर दिसली, दवाखान्यातली पहाट दिसली, आणि फरशीवर काचेचा चुरा.

मग सगळं पटापट झालं. फोन, गोळी बंद, दवाखाना, एक रात्र सलाईन. निळी फाइल या वेळी काखेत होती. तरुण डॉक्टरीण होती, तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हणाले, "शिकवते." काय शिकवता, असं तिने विचारलं नाही. तिचे उपकार.

त्या आठवड्यात पेपर परत करायचे होते. त्या मुलाचा अर्धा मार्क मी परत दिला. तो बुचकळ्यात पडला, म्हणाला, "मॅम, पण मी ड्राय माउथ लिहिलंच नव्हतं." मी म्हणाले, असू दे. हा अन्याय आहे हे मला कळत होतं, बाकीच्या 60 मुलांवर. आता आमच्याकडे बेडूक नाहीत, काजळीचे ड्रम कपाटावर गंज खात पडलेत. मुलं तोच प्रयोग संगणकावर करतात, बटण दाबलं की रेघ वर जाते. बेडूक वाचले याचा मला मनापासून आनंद आहे. मी आता तोंडी परीक्षेत मुलांना एक गोष्ट करायला लावते: तुमच्या आजीला हे औषध चढलं तर ती तुम्हाला काय म्हणेल, तिच्या शब्दांत सांगा. एक नंदुरबारकडचा मुलगा म्हणाला, एक कोल्हापूरची मुलगी म्हणाली, एकीने कोकणीत सांगितलं. सगळ्यांच्या आज्या वेगवेगळं बोलल्या. मी ते वहीत लिहून ठेवते.

आईचं उतरायला पाच दिवस लागले. तिसऱ्या दिवशी बाहुल्या आकसल्या, पाणी मागणं कमी झालं. चौथ्या दिवशी हात मंदावले. पाचव्या दिवशी सकाळी ते मांडीवर पालथे पडून होते, आणि मला अपेक्षा होती तितकं बरं वाटलं नाही. कारण निवडत होती तेव्हा ती कुठेतरी होती. बहुधा दारव्ह्याच्या घरी, माजघरात, उजेडाकडे पाठ करून. चेहऱ्यावर काम करणाऱ्या बाईचा निवांतपणा होता. आता ती पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर, रिकाम्या हातांनी, समोरच्या बंद टीव्हीकडे बघत होती.

मी ताटात तांदूळ घेऊन तिच्यापुढे ठेवले. तिने बोटं फिरवली, एक टोक विस्कटलं, दुसरं विस्कटलं. पुण्यातल्या पाकिटातल्या तांदळात खडा कुठला. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून म्हणाली, "यात तं काईच नाई व. काय निवडू?"

दुसऱ्या दिवशी मी तांदळात अख्खे मूग मिसळले. मोजून 100 टाकले. मोजायची माझी जुनी खोड आहे. तास-दीड तास ती बसली होती, एकदाही मान वर केली नाही. शेवटी वाटी माझ्याकडे सरकवली. मी मोजले तर 99 निघाले. मी ताटात शोधलं, पलंगावर शोधलं, चादर झटकली. मग लक्षात आलं, तिची डावी मूठ मिटलेली आहे. हळूच उघडून बघितली. एक टपोरा, चांगला भरलेला मूग.

"हा नाई देत," ती म्हणाली. "हा पेराले ठेवला."